पंतप्रधानांचा ताप

माझ्या नवऱ्याला ताप आला त्या आठवड्यात त्याच्या अंगात ताप सोडून बाकी सगळं होतं. भीती होती, पोटभर जेवण होतं, अंगावर इस्त्रीचा पायजमा होता, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोक्यात अक्कल होती. नुसता मूर्ख असता तर मी त्याला कधीच माफ करून टाकलं असतं. मूर्ख नवरे निभावून नेता येतात, आमच्या गल्लीत घरटी एक आहे. पण हा थेओजेन लाबोसिएर. पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये आयुष्यभर राज्यघटना शिकवलेला माणूस, ज्याचं पुस्तक पाठ केल्याशिवाय या शहरात कुणी वकील होत नव्हता. त्याला सगळं कळत होतं. कळूनसवरून तो पांघरूण ओढून पडला.

भूकंपाच्या आधीची गोष्ट आहे ही. राजवाडा अजून उभा होता. आत बसणारी माणसं मात्र आताच्यासारखीच होती.

थेओजेनचा सगळा जन्म एकाच प्रश्नात गेला, राष्ट्राध्यक्षांच्या हातात काय आणि मंत्रिमंडळाच्या हातात काय. लग्न केलं तेव्हा मला वाटलं होतं की हा प्रश्न एखाद्या रविवारी सुटेल आणि मग आम्ही दुसरं काहीतरी बोलू. कसलं काय. जेवायला बसलं की मिठाची वाटी म्हणजे राष्ट्राध्यक्ष, मिरचीच्या लोणच्याची बरणी म्हणजे पंतप्रधान, आणि मधला भाताचा ढीग म्हणजे देश. मला लोणचं हवं असलं तरी उचलायची सोय नाही, कारण पंतप्रधान जागेवरून हलले की त्याचं व्याख्यान बिघडायचं.

"हे बघ, क्लोरिंद," तो म्हणायचा, "हुकूमशाही गेली तेव्हा आपण सगळे घाबरलेले होतो. पुन्हा एका माणसाच्या हातात सगळं जायला नको म्हणून सत्ता दोघांत वाटली. राष्ट्राध्यक्षाला लोक निवडून देतात, पण कारभार त्याच्याकडे नाही. कारभार पंतप्रधानाकडे, पण त्याला लोकांनी निवडलेलं नसतं. राष्ट्राध्यक्ष त्याला नेमू शकतो, काढू शकत नाही. काढायचं तर संसदेनं काढायचं."

"म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन बायका," मी म्हणायचे. "एकीकडे चूल, दुसरीकडे काडेपेटी."

"अगदी बरोबर. म्हणूनच घराला आग लागत नाही."

"आणि जेवणही होत नाही."

यावर तो हसायचा आणि हे वाक्य दुसऱ्या दिवशी वर्गात स्वतःचं म्हणून सांगायचा. पोरं लिहून घ्यायची.

तर असा हा माणूस पंतप्रधान झाला. कसा झाला तेही ऐका, म्हणजे त्यात मोठेपणा शोधायला जाणार नाही. राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेली दोन नावं संसदेनं आधीच फेटाळली होती. आमच्याकडे पंतप्रधान व्हायचं तर अस्सल इथल्या मातीतला असल्याचे कागद द्यावे लागतात, आणि संसदेतली एक समिती ते भिंगाखाली बघते. पहिल्या उमेदवाराच्या आजीचा जन्मदाखला सापडला नाही. दुसऱ्याच्या आजीचे दोन सापडले, दोन वेगळ्या गावांतले. मग अशा माणसाचा शोध सुरू झाला ज्याला ना पक्ष, ना पैसा, ना शत्रू, आणि ज्याची आजी एकदाच जन्मली. शोधत शोधत ते आमच्या दारात आले. थेओजेनला वाटलं, देशाला अखेर त्याच्या विद्वत्तेची किंमत कळली. मी म्हटलं, "तुला निवडलंय कारण तू कुणाच्या पायात येत नाहीस." त्याला राग आला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, पण त्या दोन दिवसांत नवे सूट मात्र शिवायला टाकले.

पंतप्रधानपदाबरोबर तीन गाड्या आल्या आणि एक भोंगा. तो भोंगा त्याला इतका आवडला की विचारू नका. रविवारी चर्चला जातानाही वाजवायचा. चर्च आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. लोक रस्त्यात बाजूला होतात हे बघून त्याचा चेहरा कसा व्हायचा ते मी काचेतून बघायचे आणि मला त्याची लाज वाटायची. आयुष्यभर ज्यानं शिकवलं की सत्ता ही उसनी गोष्ट आहे, त्याला एका गाडीच्या टपावरच्या कर्ण्यानं विकत घेतलं.

आणि त्याचे मंत्री. देवा रे, ते मंत्री. मंगळवारी ते माझ्या नवऱ्याच्या कचेरीत बसायचे, कारण घटनेप्रमाणे सरकारचा प्रमुख तो. बुधवारी तेच सगळे राजवाड्यात राष्ट्राध्यक्षांच्या टेबलाभोवती बसायचे, कारण घटनेप्रमाणे तिथल्या बैठकीचे प्रमुख राष्ट्राध्यक्ष. मंगळवारी जे ठरेल त्याला माना डोलवायच्या. बुधवारी त्याच्या नेमकं उलट ठरलं की त्यालाही डोलवायच्या. तीच मान, तीच टाय. यात सगळ्यात पटाईत पर्यटनमंत्री फ्रित्झनेल कादे. मंत्री झाल्यापासून त्यानं स्वतःशिवाय कुणालाही पर्यटनाला पाठवलं नव्हतं. मंगळवारी आमच्याकडे खारवलेल्या माशाचे पाते, म्हणजे सारण भरलेल्या तिखट करंज्या, तळलेले असायचे आणि बुधवारी राजवाड्यात कोंबडीचे. फ्रित्झनेलचं राजकीय मत त्या दिवशीच्या सारणावर ठरायचं.

या सगळ्यात थेओजेननं एकच धड काम केलं. इस्मानीला बंदरावरच्या कस्टमची प्रमुख नेमलं.

इस्मानी माझ्या बालमैत्रिणीची लेक. तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आम्ही दोघांनी तिला हातांवर धरलं होतं, तेव्हापासून थेओजेन तिचा पारेन आणि मी तिची मारेन. आमच्यात हे नातं म्हणजे दुसरे आईबाप. तिचा बाप लवकर गेला आणि त्यानंतर शाळेपासून वकिलीपर्यंत ती आमच्याच ओसरीवर बसून शिकली. थेओजेनच्या वर्गातही पहिल्या बाकावर. त्याच्या सगळ्या विद्यार्थ्यांत त्यानं शिकवलेलं खरं मानणारी ती एकटीच असावी. बाकीच्यांनी परीक्षेपुरतं मानलं आणि मग नोकऱ्यांना लागले.

बंदरावर एका धर्मादाय संस्थेच्या नावानं कंटेनर आले होते. अनाथाश्रमासाठी शाळेचे बाक, म्हणून कर माफ. इस्मानीनं ते उघडायला लावले. आत काळ्या काचांच्या नव्या कोऱ्या जीपगाड्या. अनाथ मुलं बहुधा त्यात बसून पाढे म्हणणार होती. गाड्या राष्ट्राध्यक्षांच्या मेहुण्याच्या, हे बंदरावरच्या शेंगदाणे विकणारीलाही माहीत होतं. इस्मानी म्हणाली, कर भरा आणि घेऊन जा, नाही भरला तर इथेच गंजतील. मेहुणा भरेना, इस्मानी सोडेना. तिच्या कचेरीबाहेर उगाच माणसं उभी राहायला लागली.

मग एका बुधवारी बैठक संपल्यावर राष्ट्राध्यक्षांनी थेओजेनला कॉफीला थांबवून घेतलं. संध्याकाळी घरी आला तो तोंड वाळवून.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, मेत, ती पोरगी काढा." वकिलांना आमच्याकडे मेत म्हणतात. राष्ट्राध्यक्ष त्याला पंतप्रधान कधीच म्हणायचे नाहीत.

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, महामहिम, अधिकाऱ्यांना नेमणं आणि काढणं हा अधिकार घटनेनं पंतप्रधानाला दिलेला आहे, राष्ट्राध्यक्षांना नाही."

"शाब्बास. मग?"

त्यानं ताटातलं तळलेलं केळं उगाच इकडून तिकडे सरकवलं. "मग ते म्हणाले, बरोबर. म्हणून तर तुम्हाला सांगतोय. मला स्वतःला काढता आली असती तर तुम्हाला कॉफी कशाला पाजली असती?"

मला हसू आलं. काय करू, आलं. थेओजेनच्या जाडजूड पुस्तकात जे इतक्या वर्षांत स्वच्छ सांगता आलं नाही ते त्या माणसानं एका कपात सांगून टाकलं होतं.

"मग नाही म्हण," मी म्हटलं.

"नाही म्हटलं तर ते मला काढू शकत नाहीत."

"हो ना. मग झालं तर."

"पण संसदेत त्यांची माणसं जास्त आहेत. आठवडाभरात अविश्वासाचा ठराव येईल."

"येऊ दे. घरी ये. घर आपलं आहे, कुणाच्या बापाचं नाही."

तो फाटकाकडे बघत राहिला. तिथे भोंग्याची गाडी उभी होती आणि चालक तिचा टप पुसत होता.

"आणि हो म्हटलंस तर ती तुझी लेक आहे, एवढं लक्षात ठेव," मी म्हटलं.

"ते मला कळत नाही का?" तो म्हणाला. ते त्याला कळत होतं, म्हणून तर त्यानं तिसरा रस्ता शोधला. विद्वान माणसाला नेहमीच तिसरा रस्ता सापडतो.

पुढच्या मंगळवारी सकाळी तो उठलाच नाही. मी चहा घेऊन गेले तर हनुवटीपर्यंत पांघरूण.

"मला ताप आहे," तो म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. माठासारखं गार.

"क्लोरिंद, नीट ऐक," तो उशीवरून वर्गात बोलतात तसा बोलायला लागला. "पंतप्रधान आजारी पडला की राष्ट्राध्यक्ष मंत्र्यांपैकीच एकाला हंगामी नेमतात. त्या हंगामीला पंतप्रधानाचे सगळे अधिकार. तो काय सही करेल त्याला मी जबाबदार नाही. मी कामावर परत गेलो की त्या क्षणी त्याचं हंगामीपण संपलं. घटनेचा कुठेही भंग नाही. राष्ट्राध्यक्षांना मी नाही म्हटलेलं नाही, आणि होही म्हटलेलं नाही."

"मग काय म्हटलंयस?"

"ताप आहे असं म्हटलंय."

आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही, कारण उशीचे अभ्रे मीच धुते. खाली गेले, परसातल्या कुंपणावरून आसोसीचा पाला ओरबाडला आणि उकळायला टाकला. आसोसी म्हणजे कारल्याचाच वेल. तापाला आमच्याकडे हाच काढा देतात, आणि मी तो इतका आटवला की भांड्यालाही कडू चव आली असेल. दिवसातून तीनदा दिला. तो म्हणाला, एवढा कशाला. मी म्हटलं, देशाला तुझी गरज आहे, पी. आजारपण खोटं आहे हे कबूल केल्याशिवाय त्याला नाही म्हणता येईना.

फ्रित्झनेल कादे हंगामी पंतप्रधान झाला. दुसरं कोण होणार? त्याच संध्याकाळी भेटायला आला, बाहेरून आलेली महाग द्राक्षं घेऊन. पलंगाशी उभा राहून डोळे ओले केले. "मेत, तुम्ही परत येईपर्यंत मी फक्त खुर्ची गरम ठेवतो," म्हणाला. थेओजेननं क्षीण आवाजात त्याला आशीर्वाद दिला. दोघांनाही माहीत होतं की खुर्ची कशासाठी गरम ठेवायची आहे, आणि दोघेही एकमेकांचे हात धरून इतके हळवे झाले की मला खोलीबाहेर जावं लागलं.

जिन्यात फ्रित्झनेलनं मला गाठलं. आवाज खाली आणून म्हणाला, "मादाम, विचारू नये, पण तो भोंगा... हंगामीबरोबर जातो का?"

"न्या ना," मी म्हटलं. "आजाऱ्याला काय करायचाय."

सकाळी चालक गाडी घेऊन गेला. गल्लीच्या टोकाशी त्यानं भोंगा एकदा वाजवून बघितला, आणि वर पलंगावर माझ्या नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच खरं कण्हणं ऐकू आलं.

मग रीघ लागली. बुधवारभर, गुरुवारभर मंत्री आले, मंत्र्यांच्या बायका आल्या, विरोधी पक्षाचा एक खासदार तर नाडी बघूनच गेला, कारण थेओजेन मेला तर पुढचा क्रमांक आपला लागेल असा त्याचा हिशेब. प्रत्येकजण कुजबुजत "काळजी घ्या" म्हणायचा आणि निघताना मला विचारायचा, शुक्रवारी सही आहे ना? सगळ्या सरकारला माहीत होतं. शुक्रवारी दुपारी बारा वाजता हंगामी पंतप्रधान बंदरावरच्या कस्टमच्या प्रमुखाला बडतर्फ करणार आणि बातम्यांत ते वाचलं जाणार. ज्यांनी मला हे सांगितलं त्यांतल्या एकानंही इस्मानीला सांगितलं नाही. असले हे लोक. यांच्या हातून देश बुडत नाही याचं कारण एवढंच की बुडवायलाही थोडं काम करावं लागतं.

मी सांगितलं का? नाही. मला अजून वाटत होतं की हा उठेल. इतकी वर्षं ज्याच्याशेजारी झोपले तो माणूस इतका कसा आडवा राहील.

शुक्रवारी सकाळी इस्मानी स्वतःच आली. फडक्यात बांधलेलं मोठं पातेलं डोक्यावर, कामावरचेच कपडे, चपला धुळीनं भरलेल्या. पारेन आजारी आहेत म्हणून तिनं पहाटे उठून बकऱ्याच्या मटणाचं, कंदमुळं घालून घट्ट सूप केलं होतं. ते घेऊन दोन टॅपटॅप, म्हणजे माणसं कोंबून नेणारे ते रंगीत टेम्पो, बदलून, पुढे चढण चालत आली होती.

"मारेन, कसे आहेत ते?"

"बस आधी. पाणी पी."

पाणी पिताना ती एकदम बोलायला लागली. "झोप नाही मला. पारेन कामावर नाहीत हे कळल्यापासून मेहुण्याची ती माणसं रोज येतात. काल दारातच म्हणाली, शुक्रवारनंतर बघू. शुक्रवारनंतर काय? मी म्हटलं, माझे पारेन पंतप्रधान आहेत तोवर मला तिथून कुणी हलवू शकत नाही, राष्ट्राध्यक्षसुद्धा नाही, तसं घटनेत आहे. ती माणसं हसली." तिनं ग्लास खाली ठेवला. "त्या खुर्चीत आहे तोवर मला हात लावायला घाबरतात, मारेन. खुर्ची गेली की मी म्हणजे कोण? आई घरात एकटी असते."

मी तिला तिथेच बसवून वर गेले. दार लावून घेतलं.

"थेओजेन, ऊठ. इस्मानी खाली आहे."

त्याचा चेहरा उतरला. "तिला सांग, झोपलेत."

"बारा वाजायला अजून वेळ आहे. कपडे कर, कचेरीत जा, त्या खुर्चीत बस. बस, एवढंच. तूच म्हणालास ना, तू बसलास की फ्रित्झनेल संपला? भाषण करू नकोस, भांडू नकोस. नुसतं जाऊन बूड टेकव."

"तुला समजत नाहीये. आता मी उठलो तर मी आजारी नव्हतो असा अर्थ होईल."

"नव्हतासच तू."

"डॉक्टरांनी लिहून दिलंय, क्लोरिंद. राष्ट्राध्यक्षांनी त्यावर हंगामी नेमलाय. ते सगळं खोटं ठरेल. पदाची अप्रतिष्ठा होईल."

"आणि त्या पोरीला दारातून उचलून नेलं तर कशाची होईल?"

त्यानं डोळे मिटून घेतले. हा त्याचा मोठा युक्तिवाद. मी पंधरा मिनिटं बोलले असेन. नको नको ते बोलले, त्याच्या आईबापांवरून बोलले, पुस्तकावरून बोलले. त्याच्या पापण्या हलत होत्या, बाकी काही हललं नाही. मग मी दार उघडलं आणि जिन्यातून हाक मारली, "इस्मानी, वर ये. पारेन जागे आहेत."

ती पातेलं घेऊन वर आली आणि पलंगाशी गुडघ्यांवर बसली. त्याचा हात हातात घेतला. "पारेन, मी आलेय."

थेओजेननं डोळे किलकिले केले आणि असा काही श्वास सोडला की जणू शेवटचाच. "पोरी," तो म्हणाला. "कशाला आलीस एवढ्या लांब. अंगात त्राण नाही बघ."

तिचे डोळे भरून आले. खरोखर भरून आले, त्या नालायकासाठी. ते मात्र मला सहन होईना.

"कपाळाला हात लावून बघ, इस्मानी," मी म्हटलं.

"क्लोरिंद," तो म्हणाला. आवाज चांगला खणखणीत निघाला.

तिनं हात लावला. कपाळावर, मग गालावर, मग मानेखाली, आजाऱ्याला बघतात तसा. हात तिथेच राहिला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर ते बघायची माझी इच्छा नाही. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी सगळं सांगितलं. मेहुणा, कॉफी, ताप, फ्रित्झनेल, बारा वाजताची सही. हेही सांगितलं की हा आत्ता उठून कचेरीत गेला तर सही होऊ शकत नाही. माझं बोलणं चालू असताना थेओजेन छताकडे बघत होता. मधे एकदा म्हणाला, "कायदेशीर बाजू इतकी सोपी नसते."

इस्मानी रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. राग आला की त्याला व्याख्यान देता येतं. ती शांतपणे म्हणाली, "पारेन, कोपऱ्यावर टॅपटॅप उभा आहे. मी तुम्हाला धरून नेते. खाली शाँ द मार्सवर तुमच्या कचेरीपर्यंत फार वेळ लागत नाही. तुम्ही नुसते चला."

तो छताकडेच बघत राहिला.

"मी तुम्हाला काही बोलणार नाही. कधीच. कुणाला सांगणारही नाही. चला."

"पोरी, तुला कळेल पुढे," तो म्हणाला आणि पांघरूण हनुवटीपर्यंत घेतलं. "मी काही केलेलं नाही. एक सही नाही माझी त्यावर. तू स्वतः तपासून बघ."

ती गुडघ्यांवरच बसून राहिली. खिडकीतून शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता, कारण आमच्या गल्लीत दुपारी सगळ्यांचे रेडिओ एकाच स्टेशनला लागलेले असतात. आधी गाणं, मग साबणाची जाहिरात. मी त्याच्याकडे बघत होते, ती त्याच्याकडे बघत होती. अजूनही तो उठला असता तर मी त्याला कडेवर घेऊन नेलं असतं. साबणाची जाहिरात संपली. बाराच्या बातम्या लागल्या. निवेदकानं हंगामी पंतप्रधानांचं नाव सगळ्या पदव्यांसकट घेतलं आणि मग इस्मानीचं नाव घेतलं, तिच्या नावापुढे काहीच पदवी न लावता. मेहुण्याच्या माणसाला तिच्या जागी नेमलं होतं, तेही त्याच दमात वाचलं.

थेओजेननं सुटकेचा श्वास सोडला. मी ऐकला. तिनंही ऐकला.

मला वाटलं, आता ती उठून जाईल. पातेलं त्याच्या डोक्यावर ओतेल. मी असते तर ओतलं असतं. तिनं फडक्याची गाठ सोडली. माझ्याकडे वाडगा मागितला, चमचा मागितला. मी आणून दिला. तिनं त्याच्या पाठीशी उशी लावून त्याला बसतं केलं, गळ्याशी टॉवेल खोचला, आणि सूप वाडग्यात घेतलं.

"मला भूक नाही," तो म्हणाला.

"आजारी माणसानं खाल्लं पाहिजे," ती म्हणाली. "उघडा, पारेन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही त्याला सोडवायला गेले नाही. खाली दारावर कुणीतरी आलं होतं, अभिनंदनाला की चौकशीला कोण जाणे, पण मी तिथून हलले नाही. चमचा त्याच्या ओठांशी थांबलेला होता. तिचा हात जराही हलत नव्हता, आणि ती सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती.

त्यानं तोंड उघडलं.

तिनं भरवलं. मटणाचा तुकडा मोठा निघाला तर चमच्यानंच मऊ करून भरवला. हनुवटीवर ओघळलं ते टॉवेलनं पुसलं. एक वाडगा झाल्यावर दुसरा घेतला. आता पुरे, असं त्याला म्हणता येईना, आणि ठणठणीत माणसाची भूक त्याला होतीच. रडत होता तो, हेही सांगते, नाहीतर म्हणाल बाई खोटं बोलते. रडत होता आणि गिळत होता.

"उघडा, पारेन," ती प्रत्येक चमच्याला म्हणायची. पातेलं रिकामं होईपर्यंत तो उघडत राहिला.